काजळी

या पावसाळ्यात सानपाड्याच्या आमच्या घराचं दार फुगलं. सुताराने मशीनचा रंधा फिरवला आणि दोन मिनिटांत दार मोकळं केलं. इतकं मोकळं की, आता फटीतून जिन्यातला उजेड दिसतो.

ती फट पाहिली आणि अब्बांची बंदूक आठवली. ठासणीची, एकनळी. कोकणात शेतीच्या रक्षणासाठी परवान्याच्या अशा बंदुका आजही आहेत. वानरं आणि रानडुकरं बघता बघता वर्षाची मेहनत संपवतात. एकदा आमच्या बंदुकीचा दस्ता तडकला. परवानाधारक कारागिराकडे नवा बसवायला नेला, तेव्हा शाळेला सुट्टी म्हणून मीही गेलो होतो.

मला वाटलं, लाकडात खाच कोरायची आणि नळी ठेवायची, झालं. पण चाचांनी खाच मुद्दाम थोडी अरुंद कोरली. दिव्याची काजळी तेलात कालवून नळीच्या खालच्या अंगाला फासली. नळी खाचेत दाबली, उचलली. लाकूड जिथे टेकलं होतं तिथे काळे ठिपके उमटले. तेवढेच ठिपके पटाशीने कागदाइतके खरवडले. पुन्हा काजळी, पुन्हा दाब. दुपारी ठिपके पाच-सहा होते. संध्याकाळी खाच सगळीकडे सारखी काळी झाली.

“चाचा, एकदम का नाही कोरत?”

“काढलेलं लाकूड परत लागत नाही, बेटा. नळी दोनच जागी टेकली, तर बाराचा सगळा धक्का तिथेच बसतो. दस्ता पुन्हा तडकेल.”

अब्बा गेल्यावर बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली. परवाना वारशाने आपोआप मिळत नाही; वारसाला नव्याने अर्ज करावा लागतो. तो कोणी करायचा, यावरून धाकट्या भावाशी माझं बिनसलं. शेती तो करतो, गावात तो राहतो. तरी ‘मोठा मी’ म्हणून मी अडून बसलो. वाद एका कागदाचा होता. मी त्यात जमीन, घर, जुने हिशेब सगळंच काढलं. दोन वर्षं आम्ही बोललो नाही.

काल त्याला फोन केला. म्हटलं, ना-हरकत लिहून देतो, अर्ज तूच कर.

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “भाई, वानरं फार झालीत. येऊन बघून जा.”