मेळ बसेपर्यंत

श्रावणातील एका दुपारी मी न कळवता गोदामात गेलो आणि साखरेची पोती मोजली. संगणकाच्या पडद्यावर १५२ पोती होती, थप्पीत ११२. दिवाणजी म्हणाले, "धाकट्या दादांचा फोन आला होता. सकाळीच चाळीस पोती गाडीत भरून दिली." मी चार हमालांच्या देखत विचारले, "मग नोंद कुठे आहे? चिठ्ठी कुठे आहे?" चिठ्ठी गाडीवाल्याबरोबर गेली होती. भाऊ सांगलीस गेलेला, फोन उचलत नव्हता. दिवाणजी काही बोलले नाहीत. त्यांनी कुलपाच्या किल्ल्या माझ्यासमोर मेजावर ठेवल्या.

संध्याकाळी पाऊस उघडला, तुटलेले इंटरनेट जोडले गेले आणि कोणीही हात न लावता १५२ चे ११२ झाले. कोडोलीच्या पेठेतील दुकानात भावाने सकाळीच रीतसर बिल केले होते. ते गोदामातील संगणकापर्यंत पोहोचायचे राहिले होते, इतकेच.

एकाच हिशेबाच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवल्या की मधली वाट कधीतरी तुटणारच. अशा वेळी दोनच मार्ग उरतात. वाट जुळेपर्यंत व्यवहार थांबवायचा, किंवा ज्याने त्याने आपल्या प्रतीवर व्यवहार चालू ठेवून मेळ मागाहून घालायचा. वाट तुटलेली असताना दोन्ही प्रती सदैव एकसारख्या असाव्यात आणि दुकानही चालू राहावे, हे एकत्र साधत नाही. एरिक ब्रूअर या संगणकशास्त्रज्ञांनी २००० साली हे मांडले आणि २००२ साली गिल्बर्ट व लिंच यांनी ते गणिताने सिद्ध केले. दुसऱ्या मार्गाला 'इव्हेंच्युअल कन्सिस्टन्सी' म्हणतात. नव्या नोंदी थांबल्या तर सर्व प्रती अखेर एकसारख्या होतील, एवढेच त्यात वचन असते. केव्हा होतील, हे त्या वचनात नसते.

ॲमेझॉनने हाच मार्ग पत्करला. २००७ साली त्यांच्या अभियंत्यांनी 'डायनॅमो' या आपल्या प्रणालीविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला. ग्राहकाच्या टोपलीच्या दोन प्रतींत फरक पडला तर दोन्हींतील वस्तू एकत्र करायच्या, असा त्यांचा नियम होता. त्यामुळे ग्राहकाने काढून टाकलेली वस्तू क्वचित पुन्हा टोपलीत दिसे. पण टाकलेली वस्तू हरवत नसे. व्यापारी म्हणून मला हा निर्णय पटतो. कोणती चूक परवडेल, हे त्यांनी आधीच ठरवले होते. आम्ही ते कधी ठरवलेच नव्हते.

आप्पांच्या काळीही दोन वह्या असत. एक पेठेत, एक बाजाराच्या पिशवीत. रात्री कंदिलापाशी एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने खूण करायची. मेळ बसेपर्यंत 'शिल्लक इतकी' असे कोणी म्हणत नसे. पिशवीतील वही अर्धीच गोष्ट सांगते, हे सर्वांना ठाऊक होते. पडदा मात्र कालची बातमीसुद्धा आजची म्हणून दाखवतो. वारणा परिसरातील ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प १९९८ साली सुरू झाला. उसाचा हिशेब शेतकऱ्याला आपल्या गावातच पाहता यावा, ही त्यामागील कल्पना. पडद्यावरचा आकडा म्हणजे खरा आकडा, ही श्रद्धा आमच्या पिढीत तेव्हापासून रुजली असावी.

एका स्नेह्यांनी हे ऐकून म्हटले, "हा तर अनेकान्तच! १५२ ही खरे, ११२ ही खरे." मला हे मान्य नाही. थप्पीत पोती ११२ च होती. हिशेबातील घोळाला अनेकान्ताचे नाव देऊ नये. मात्र स्याद्वादात 'आहे' म्हणताना द्रव्य, क्षेत्र, काल आणि भाव यांची अपेक्षा सांगावी लागते, ते येथे उपयोगी पडले. पडद्यावर नुसते १५२ होते. 'गोदामाच्या प्रतीनुसार, सकाळी नऊपर्यंत' असे लिहिलेले असते, तर मी तो प्रश्न विचारला नसता. आता आमच्या पडद्यावर आकड्याखाली शेवटचा मेळ केव्हा बसला ती वेळ दिसते आणि चिठ्ठीची दुसरी प्रत गोदामातच राहते.

मुदतीचे महत्त्वही तेव्हाच कळले. ग्राहकाच्या खात्यातून यूपीआयचे पैसे गेले, पण दुकानदाराला भरणा मिळाल्याची खात्री पोहोचली नाही, तर ते व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत झाले पाहिजेत. उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. 'अखेर' या शब्दाला तेथे तारीख आहे.

त्याच रात्री मी दिवाणजींच्या घरी जाऊन किल्ल्या परत दिल्या. ते म्हणाले, "मला सांगितलंत, बरं झालं. पण ऐकलं त्या चौघांनी." क्षमावणीच्या दिवशी मी हमालांना बोलावून त्यांच्यासमोर दिवाणजींची क्षमा मागितली. तिघे आले होते. चौथा काम सोडून आपल्या गावी गेला होता; त्याचा फोन बंद होता. गावाकडून कोणी बाजाराला आले की मी त्याची चौकशी करतो. निरोप दोनदा पाठवला आहे. पोहोचला की नाही, हे अजून कळलेले नाही.