माठ कोण?

लहानपणी मरीन ड्राइव्हवरचं, १९५१ साली सुरू झालेलं तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं होतं. त्यामुळे लेकीच्या हट्टापायी खरवईच्या आमच्या दोन खोल्यांत तीन गोल्डफिश आले, तेव्हा मीच जास्त हरखले.

मग आला मे महिना. दुपारी वीज गेली, हवेचा पंप थांबला. टाकीतलं पाणी ३३ अंशांवर! मासे वर येऊन तोंडं उघडू-मिटू लागले. घाबरून मी बर्फाचा अख्खा ट्रे टाकीत उलटा केला. संध्याकाळपर्यंत दोघे गेले. लेक जेवली नाही. “आई, तू तर शाळेत शिकवतेस ना?” एवढंच म्हणाली.

शिकवते खरी! पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी राहतो, हे मुलांकडून घोकून घेते. पण एकदम आलेला गारठा माशांना सोसत नाही, हे सुचलं नाही. उपाय तर ओट्याशेजारीच होता, आपला माठ! पाझरलेलं पाणी वाफ होऊन जातं, आतलं हळूहळू निवतं.

आता झाकणाऐवजी जाळी घालते, पाण्यावर वारा येईल असा छोटा पंखा लावते. दोन-तीन अंश सावकाश उतरतात. आटलेलं पाणी रात्रभर बादलीत ठेवलेल्या पाण्यानं भरून काढते. (तुमच्याकडे खाऱ्या पाण्यातले मासे असले, तरी आटलेल्याची भर गोड्या पाण्यानंच करा, मीठ काही उडून जात नाही.) वीज गेली, की आम्ही मायलेकी आळीपाळीनं टाकीतलंच पाणी तांब्यानं घेऊन उंचावरून ओततो.

तिसरा मासा मजेत आहे. लेकीनं त्याचं नाव ‘माठ्या’ ठेवलंय. खरा माठ कोण, ते मी विचारत नाही!