बाबांची गिटार आणि दहा बाय दहाची खोली

बऱ्याच दिवसांनी इथे काहीतरी खरडतोय. हापिसातला रिलीज हे कारण नेहमीचंच, पण या वेळी खरं कारण वेगळं आहे. गेले चार महिने जवळजवळ प्रत्येक विकांत एका कामात गेला, आणि ते काम मुळात अर्ध्या तासाचं होतं.

काम एवढंच, की बाबांची एक धून रेकॉर्ड करायची.

बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात होते. पहिल्या बोनसमधून त्यांनी गिटार घेतली (त्यावरून आजोबांनी आठवडाभर अबोला धरला होता म्हणे). वाजवायचे सगळी सिनेमातलीच गाणी, पण एक धून त्यांची स्वतःची आहे. तिला नाव नाही, ती कुठे लिहिलेलीही नाही. रात्रपाळी नसली की जेवणानंतर गॅलरीत बसून वाजवायचे आणि मी आणि ताई ती ऐकत झोपायचो. मधे एक जलद तुकडा आहे, वरच्या सुरांवरून धडाधड खाली येणारा. तो आला की ताई म्हणायची, "आला बघ जिना उतरत."

गेल्या वर्षी बाबांना कंपवाताचं निदान झालं. वाजवताना हाताची थरथर उलट कमी होते, पण बोटं मंदावत जातात. डॉक्टरांनी हे शांतपणे सांगितलं, बाबांनी त्याहून शांतपणे ऐकलं. मी मात्र मनात ठरवून टाकलं, की ही धून नीट रेकॉर्ड करून ठेवायची.

जूनमधल्या एका रविवारी मोबाईल टेबलावर ठेवला आणि म्हटलं, वाजवा. त्यांनी वाजवलं. नंतर ऐकलं तर काय, न्हाणीघरात पत्र्याची बादली बडवावी तसा आवाज! वर पंख्याची घरघर आणि शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी. बाबा म्हणाले, "छान आलंय की रे." मी म्हटलं, "छे, हे नाही चालणार. जरा सामान आणू द्या मला."

तिथेच चुकलं.

आपण पडलो सॉफ्टवेअरवाले. लगेच एक्सेल उघडलं. मायक्रोफोन, किमती, लोकांची मतं, रंगीत रकाने. जुलैत कंडेन्सर मायक्रोफोन आला. त्याला ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो, म्हणून ऑगस्टमध्ये ऑडिओ इंटरफेस आला. मग स्टँड. मग भिंतीला चिकटवायचा फोम. दर रविवारी बाबा विचारायचे, "बसू का?" आणि मी म्हणायचो, "अजून एक वस्तू येऊ द्या, बाबा."

सप्टेंबरच्या शेवटी सगळं जोडून आधी स्वतःच वाजवून पाहिलं. आवाज जूनपेक्षा महाग होता, चांगला नव्हता.

हापिसात नवीन पोरांना मी नेहमी सांगतो, बग शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदला. हेच स्वतःला सांगायला चार महिने लागले. असो. काय काय सापडलं ते लिहून ठेवतो, कुणाला तरी उपयोग होईल.

पहिला बग माझ्याच डोक्यातला. मायक्रोफोन गिटारच्या भोकासमोर वीतभर अंतरावर ठेवला होता, कारण आवाज तिथूनच येतो ना! येतो, पण तिथे पोटातल्या हवेची १०० हर्ट्झच्या आसपासची घूं सगळ्यात जास्त. शिवाय माझ्या मायक्रोफोनसारखा एकाच दिशेचं ऐकणारा मायक्रोफोन जितका जवळ न्यावा, तितका खर्ज फुगतो. तो उचलून बाराव्या फ्रेटसमोर, फूटभर लांब ठेवला. एकदम तारा ऐकू यायला लागल्या.

तरीही 'ए'ची मोकळी तार छेडली की खोली घुमायची. बाकीच्या तारांना एवढी नाही. मग कागद-पेन घेतलं. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. माझी खोली दहा बाय दहा, म्हणजे ३.०५ मीटर. समोरासमोरच्या भिंतींमध्ये बरोब्बर बसणारी पहिली लहर ५६ हर्ट्झची, दुसरी ११२ची. आणि 'ए'ची मोकळी तार किती? ११०! त्यात खोली चौरस, म्हणजे लांबीला आणि रुंदीला तोच आकडा. आणि भिंतींपासून लांब म्हणून मी बसलो होतो अगदी मधोमध, जिथे ही दुसरी लहर सगळ्यात जोरात असते. खुर्ची मध्यावरून दोन फूट मागे आणि दोन फूट डावीकडे सरकवली. घूं बरीच उतरली. खर्च शून्य रुपये.

पातळ फोमचं म्हणाल तर तो फक्त वरचे, टोकदार सूर खातो. खाली फरशी, चारी बाजूंना सिमेंट, टाळी वाजवली की टण्ण करून परत. शेवटी खाली सतरंजी घातली, समोरच्या भिंतीला गादी उभी केली आणि मागे दोरीवर आईच्या दोन गोधड्या टाकल्या. आई म्हणाली, "वाळत घातल्यात का?" कपड्यांचं कपाटही उघडं ठेवलं. टाळीचा टण्ण गेला.

पंखा बंद. लॅपटॉपचा चार्जर काढला तर बारीक गुणगुण थांबली. रेकॉर्डिंग २४ बिटला, आणि सगळ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील एवढीच पातळी. मागे जागा शिल्लक राहते, आवाज फाटत नाही.

उरल्या तारा. "दोन वर्षं झाली बदलून, गंजल्यात त्या," हे बाबा जुलैपासून सांगत होते. माझ्या एक्सेलमध्ये तारांचा रकानाच नव्हता. नवीन फॉस्फर ब्राँझच्या तारा चढवल्या आणि इतका फरक पडला, की मायक्रोफोनची किंमत आठवून वाईट वाटलं.

ब्रूस स्प्रिंगस्टीनचा 'नेब्रास्का' हा १९८२चा अल्बम त्याने घरी, चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर आणि दोन साध्या मायक्रोफोनवर रेकॉर्ड केला होता. पुढे बँड घेऊन स्टुडिओत पुन्हा प्रयत्न झाले, पण ते जमलं नाही आणि शेवटी ती घरची कॅसेटच बाजारात आली. हे मला कॉलेजपासून माहीत होतं. माहीत असून काय उपयोग!

ऑक्टोबरमधल्या एका रविवारी सकाळी बाबा गोधड्यांसमोर बसले. मी हेडफोन लावले. काय आवाज होता! तारेवरून बोट घसरल्याची सुर्रकन, लाकडाची ऊब, सगळं. पहिल्या खेपेला ते जिन्यापाशी येऊन थांबले. दुसऱ्या खेपेलाही. तिसऱ्या वेळी तो तुकडा गाळून, दोन सावकाश सूर घेऊन पुढे गेले आणि धून पूर्ण केली.

मी हेडफोन काढले. बाबा हसून म्हणाले, "जिना नाही उतरवत आता. लिफ्ट घेतली."

मी पण हसलो. काय करणार!

रात्री सगळे झोपल्यावर मोबाईलमधली जूनची फाईल शोधली. तीच पत्र्याची बादली, तीच पंख्याची घरघर. आणि कुकरच्या शिट्टीनंतर लगेच जिना, वरपासून खालपर्यंत, एकही पायरी न चुकता. ही फाईल जागा कमी पडली म्हणून ऑगस्टमध्ये मी पुसणार होतो. आळसामुळे वाचली.

शिट्टी आणि पंखा काढून टाकायचा प्रयत्न करता येईल, करीनही कधीतरी. मूळ फाईल मात्र तशीच तीन ठिकाणी ठेवली आहे. ताईला दोन्ही पाठवल्या. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. ऑक्टोबरची चांगली आलीये म्हणाली, पण सकाळपासून ती कुकरवालीच ऐकत होती.

तर मंडळी, मायक्रोफोन बाराव्या फ्रेटसमोर ठेवा, खुर्ची मध्यावरून हलवा, तारा बदला. हे सगळं खरं आहे आणि त्याने फरक पडतो. फक्त सामान यायची वाट बघत असाल तर तोवर फोन टेबलावर ठेवा आणि म्हणा, वाजवा.