तुझी यादी आणि तपकीर गल्ली

अगं, तुझी यादी पोचली. तुझ्या आईबाबांच्या टीव्हीला काय हवं, स्पीकरना काय हवं आणि दिवाळीत तू बॅगेतून पाठवलेल्या त्या जुन्या रेकॉर्ड प्लेअरला काय हवं, हे तू इतकं शिस्तीत लिहिलंयस की मला तुझी प्रयोगवहीच आठवली. आणि प्रत्येक ओळीपुढे काय, तर ‘चांगल्यातलं घे, पैशाकडे बघू नकोस’. न्यू जर्सीत बसून श्रीमंती दाखवायला तुझं काय जातंय! तुला सांगते, या खरेदीत पैशाकडेच बघावं लागतं. महाग ते चांगलं हा हिशोब केबलच्या दुकानात जितका फसवा निघतो, तितका साडीच्या दुकानातही निघत नाही.

मी एकटीच जाणार होते. काका ‘येतो’ म्हणाले तेव्हा त्यांच्या पायात चपला होत्याच. निघताना काकूंनी माझ्या हातात परकराच्या नाड्यांचं भेंडोळं ठेवलं. खोटं नाही सांगत. टेप सापडली नाही म्हणून त्यांनी सगळी मापं नाडीने घेतली होती. एक गाठ सेट-टॉप बॉक्सपासून टीव्हीपर्यंत, एक टीव्हीच्या पाठीमागच्या भोकांमधल्या अंतराची, आणि लांबच्या स्पीकरसाठी चार नाड्या एकमेकींना बांधलेल्या. हसू नकोस. वायर हवेतून जात नाही, भिंतीच्या कडेने, दाराच्या चौकटीला वळसा घालून जाते, हे काकूंना न सांगता कळलं होतं. तू माप दिलं असतंस तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ दिलं असतंस, मला खात्री आहे. आपल्या गॅदरिंगचा पडदा असाच आखूड पडला होता, आठव.

विजेच्या सामानाची आपली तपकीर गल्ली होती तशीच आहे गं. अंगावर दिव्यांच्या माळा लोंबतायत, पुढ्यात वायरींची भेंडोळी, कोणीतरी डोक्यावर पंख्यांची खोकी घेऊन ‘बाजू, बाजू’ करत येतोय आणि त्यातूनच एक स्कूटरवाला शांतपणे हॉर्न वाजवत बसलाय. तुझ्या यादीतला साउंडबार काकांनी गल्लीच्या तोंडाशीच रद्द केला. ‘माझे स्पीकर जिवंत आहेत,’ म्हणाले. तेच गं ते, लाकडी, ज्यांच्यावर आपण चहाचे कप ठेवायचो आणि ओरडा खायचो. खरं तर काका बरोबर होते. पातळ टीव्हीचे स्पीकर मागे किंवा खाली तोंड करून बसवलेले असतात, म्हणून मालिकेतली सून काय पुटपुटली ते ऐकू येत नाही. टीव्हीचा आवाज काकांच्या जुन्या अॅम्प्लिफायरमध्ये नेला की काम झालं.

पहिल्या दुकानात एका मुलाने आमच्यापुढे एचडीएमआय केबल ठेवली. सोनेरी टोकं, वर नायलॉनची वीण, डब्याला आतून मखमल. तू असतीस तर घेऊन मोकळी झाली असतीस. पण सोन्याने चित्राचा रंग गहिरा होत नाही. आकड्यांच्या रूपात येणारं चित्र एक तर नीट पोचतं, नाहीतर पडद्यावर ठिपके चमकतात, मध्येच काळोख होतो. सोन्याला गंज चढत नाही इतकाच त्याचा उपयोग, तोही तुझ्या रत्नागिरीच्या मावशीकडच्या खाऱ्या हवेत जास्त. आणि तू जे ‘२.१ वालीच केबल’ म्हणून अधोरेखित केलंयस ना, तो आकडा खरा टीव्हीच्या बाजूचा. केबलवर वेगाचा वर्ग बघायचा. ‘अल्ट्रा हाय स्पीड’ म्हणजे सेकंदाला ४८ गिगाबिट, आणि खऱ्या केबलच्या खोक्यावर तसं लेबल असतं, ते फोनने स्कॅन करून तपासता येतं. तुझ्या लेकाच्या गेमच्या खोक्याला ती हवी, जरूर घे. काकांच्या एचडी सेट-टॉप बॉक्सला साधी ‘हाय स्पीड’ पुरून उरते, फक्त नाडीपेक्षा वीतभर लांब, म्हणजे टोक ओढलं जाऊन पिन वाकत नाही. मुलगा तरीही ‘फ्युचर प्रूफ आहे मॅडम’ म्हणत राहिला. काका म्हणाले, ‘माझं वय एक्याऐंशी. माझ्यापुरतं फ्युचर दे.’

तिथे वाचलेले पैसे काकांनी पुढच्या दुकानात स्पीकरच्या वायरीवर आनंदाने घालवले, आणि मला विचारशील तर ते योग्यच केलं. वायर पारदर्शक वेष्टणातली, आत तांबूस, दिसायला सुरेख. काकांनी नेलकटरची पाती उघडली आणि एक तार हळूच खरवडली. आत पांढरं! अॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा. तेवढ्याच जाडीत अॅल्युमिनियमचा विजेला होणारा अडथळा तांब्याच्या दीडपटीहून जास्त, आणि ही वायर टोकाशी दोनदा वाकवली की तुटते. दुकानदाराने न बोलता दुसरं भेंडोळं काढलं. ते हातात घेतल्यावर वजनानेच कळलं. आठ ओहमचे स्पीकर आणि अंतर सात-आठ मीटर, म्हणजे दीड स्क्वेअर एमएमची शुद्ध तांब्याची वायर भरपूर झाली. तिच्या एका पदरावर रेघ असते. रेघवाला पदर दोन्ही स्पीकरना लालवरच लावायचा. एकीकडे उलटा लागला तर ढोलाचा भरीवपणा जातो आणि गाणारा खोलीत नेमका कुठे बसलाय ते कळेनासं होतं.

टीव्ही टांगायच्या ब्रॅकेटचं फार सांगत नाही. काकूंची गाठ मोजली तर उभी-आडवी वीस सेंटिमीटर भरली, दुकानात त्याला ‘दोनशे बाय दोनशे’ म्हणतात. भिंत विटांची आहे, त्यामुळे काळजी नाही. तुमच्याकडच्यासारखी पोकळ असती तर वेगळे अँकर लागले असते. खरं भांडण उंचीवरून झालं. काकूंना टीव्ही दाराच्या वर हवा होता, ‘धूळ बसत नाही’ म्हणून. शेवटी त्यांना खुर्चीत बसवून डोळ्यांच्या रेषेत खूण केली, तेव्हा मान दुखायची थांबेल या आशेवर त्या तयार झाल्या.

आता गंमत ऐक. टीव्हीचा आवाज अॅम्प्लिफायरला न्यायला एक ऑप्टिकल केबल आणि एक चिमुकली डबी आणली होती, प्रकाशातून येणारे आकडे पुन्हा आवाजात बदलणारी. सगळं जोडलं, पण आवाज नाही. शेजारचा मुलगा आला, त्याने मेनू उघडला, काका दुकानदाराला फोन लावायला निघाले. तेवढ्यात काकूंनी चष्मा सरकवून केबलचं टोक बघितलं आणि नखाने एक पारदर्शक टोपण उपटलं. दोन्ही टोकांना होती ती टोपणं, धूळ बसू नये म्हणून! ‘डोळ्यांवर टोपी ठेवून कसं दिसेल त्याला?’ म्हणाल्या. टोपणं निघाल्यावरही नुसती करकर होती, कारण टीव्ही डॉल्बी पाठवत होता आणि स्वस्त डबीला तो उलगडता येत नाही. सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ केलं आणि सुनेचं पुटपुटणं स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आलं. आता काकू म्हणतात, आधी बरं होतं.

राहिला तुझा रेकॉर्ड प्लेअर. तो तिकडच्या १२० व्होल्टचा, आपल्याकडे २३०. म्हणून छोटा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घेतला, या यंत्राला वीज लागते किती. दुकानदार प्री-अॅम्प्लिफायरही गळ्यात मारत होता, पण काकांच्या अॅम्प्लिफायरला मागे ‘फोनो’ लिहिलेली जागा आहे, तिथे सुईचा तो अगदी बारीक आवाज सांभाळून वाढवला जातो. सुरुवातीला नुसता हमिंगचा घुमार होता. प्लेअरच्या डेकमधून निघणारी बारीक अर्थची तार अॅम्प्लिफायरच्या स्क्रूखाली दाबली आणि तो गेला. मग काकूंनी त्यांची सगळ्यात लाडकी रेकॉर्ड लावली. आलापाला काकूंचा चेहरा पडला. ‘हिला सर्दी झालीय का?’ उठल्या, पेटी काढली, स्वर लावला. ‘या रेकॉर्डीचा षड्ज काळी चार आहे, मला झोपेतही माहीत आहे. ही पांढरी चारमध्ये गातेय, तीही जराशी उतरलेली!’

आणि बाई अगदी बरोबर होत्या. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. तुझ्या डेकची जुन्या पद्धतीची मोटर विजेच्या ठेक्यावर फिरते. तिकडे तो ठेका ६०, इथे ५०. म्हणजे तबकडी मिनिटाला ३३⅓ऐवजी जेमतेम २७.८ फेरे घेते. स्वर तीन पट्ट्यांहून थोडा जास्तच उतरतो आणि लयही मंदावते. नवीन डेकच्या अडॅप्टरवर ‘१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ लिहिलेलं असतं, त्यांना हा त्रास नाही. पण तुला जुन्यातलंच आवडणार, नाही का!

तर आता कामाला लाग. डेकच्या पाठीमागच्या पट्टीचा फोटो पाठवते. त्या मॉडेलची ५० हर्ट्झची पुली मिळते का बघ. मोटरच्या दांड्यावरची ती कप्पी थोडी मोठी असली की वेग पुन्हा जागेवर येतो. रबरी पट्टाही नवा आण, हा सैल झालाय. सुईचा टोकदारपणा अजून ठीक वाटतोय, पण ती किती तास चाललीय हे तुलाच ठाऊक. हजाराच्या घरात असेल तर तीही आण, नाहीतर घासलेली सुई काकूंच्या रेकॉर्डी खरवडेल आणि शिव्या मला बसतील. घाई मात्र करू नकोस. काकूंच्या गाण्याच्या शिकवणीतल्या मुली सध्या फार खूश आहेत. त्यांचं म्हणणं, या पट्टीत आणि या लयीत आम्हालाही गाता येतं.

तुझीच