गरिबीचं खापर भक्तीच्या माथी

‘पंधरा-वीस दिवस टाळ कुटत चालायचं, मग घरात दाणा कुठून येणार?’ आषाढी जवळ आली की शिकल्यासवरल्या माणसांकडून हे हमखास ऐकू येतं. विकासाचं अर्थशास्त्र हा माझा विषय, म्हणून माझ्याकडून दुजोऱ्याची अपेक्षाही असते. मी तो देत नाही.

आकडे त्यांच्या बाजूने आहेत, हे खरं. गॅलपच्या २००९च्या पाहणीत दरडोई उत्पन्न २,००० डॉलरच्या आत असलेल्या देशांत साधारण ९५ टक्के लोकांनी धर्म रोजच्या जगण्यात महत्त्वाचा असल्याचं सांगितलं. २५,०००च्या वरच्या देशांत ४७ टक्के. पण आधी काय आणि मागाहून काय, हे यातून कळत नाही.

इंडोनेशियात तो क्रम दिसला. १९९७च्या मध्याला एका डॉलरला सुमारे २,४०० रुपिया पडत; वर्षभरात भाव १५,०००च्या पलीकडे गेला. तांदूळ भडकला. ज्यांची भातखाचरं होती ते तगले, बांधलेल्या पगारावर जगणाऱ्यांचं कंबरडं मोडलं. डॅनियल चेन या अर्थतज्ज्ञाने तिथल्या कुटुंबांची माहिती तपासली. ज्यांना फटका जास्त बसला, त्यांच्यात सामूहिक कुराणपठण वाढलं, मुलांना धार्मिक शाळेत घालणंही वाढलं. आधी हात रिकामे झाले, मग जोडले गेले. मला त्यातली पुढची गोष्ट अधिक मोलाची वाटते: जिथे कर्ज मिळण्याची सोय होती, तिथे ही वाढ बरीचशी ओसरलेली दिसली. अडीनडीला पैसा देणारं कुणी नसेल तर माणूस आपल्या माणसांत आधार शोधतो, आणि प्रार्थनेला जमणारी माणसं तो देतातही. गरिबाचा हा विमाच आहे.

आपल्याकडे तुकोबांचा दाखला देतात, भजनापायी दुकान बुडालं म्हणून. घरात महाजनकी होती, सावकारी होती. १६३०च्या सुमाराला दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला. त्यात पहिली बायको गेली, व्यापार बसला. इंद्रायणीत खतं बुडवल्याची कथा त्यानंतरची, आणि ती खतं तर लोकांकडून यायच्या पैशांची! कथा खरी मानली, तर त्या दिवशी देहूतल्या किती घरांवरचं ओझं उतरलं असेल.

जोतीराव फुल्यांचं नावही या वादात ओढलं जातं. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये (१८८३) त्यांचा रोख जन्मापासून मरणापर्यंत विधींच्या निमित्ताने होणाऱ्या वसुलीवर आहे. वसुली म्हणजे भक्ती नव्हे.

विरुद्ध बाजूचा पुरावा मात्र झाकता कामा नये. मेक्सिकोत गावोगावच्या संतांचे उत्सव ठरलेल्या तारखांना होतात. मोंतेरो आणि यांग या अर्थतज्ज्ञांनी २०२२ साली दाखवलं, की जिथे हा उत्सव ऐन पेरणी-कापणीत येतो, तिथलं उत्पन्न दीर्घकाळ मागे राहिलं. त्याच गावांत एकमेकांना धरून राहणंही जास्त आढळलं. तुलना उत्सव करणाऱ्या गावांचीच आपसात होती. फरक होता तारखेचा.

आपली आषाढी खरिपाला खेटून येते. पाऊस वेळेवर झाला तर वारकरी पेरून निघतो. लांबला तर रान भावकीच्या भरवशावर टाकावं लागतं. मागे कोण पेरतं, मजुरी कोण देतं, त्या रानाचं पीक शेजारच्या रानापेक्षा घटतं का, हे सगळं मोजता येण्याजोगं आहे. वारीने गरिबी येते असं ज्यांचं म्हणणं आहे, त्यांनी ते मोजावं आणि मग बोलावं.