घामाचे दाम

कर्जत-खालापूरच्या टापूत सेवेला असताना आम्ही आमच्या धर्मग्रामाच्या स्मरणिकेचे काम खोपोलीकडील एका तरुणाला सोपविले. तो कोणाच्या नोकरीत नव्हता. घरीच संगणकावर मुखपृष्ठे, पुस्तिका, लग्नपत्रिका तयार करून तो पोट भरीत असे. मोबदला ठरला तोंडी. तो केव्हा द्यायचा हे मुळीच ठरले नाही. "फादर, तुमच्याकडून काय लिहून घ्यायचे?" असे तो संकोचून म्हणाला. आम्हीही ते सोयीस्करपणे मान्य केले.

नाताळात स्मरणिका निघाली, वाखाणलीही गेली. पैसे मात्र राहिले. आज समितीची बैठक नाही, उद्या खजिनदार गावी, मग उपवासकाळ. असे करता करता चार महिने उलटले. १ मे रोजी, कामगार संत योसेफ यांच्या सणाला, आम्ही वेदीवरून श्रमिकाच्या वेतनावर प्रवचन केले. मिस्सा संपल्यावर तो दाराशी उभा होता. "फादर, प्रवचन छान झाले. माझा संगणकाचा हप्ता थकलाय." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले. श्रमिकाचे वेतन अडकविणे हे स्वर्गाकडे आक्रोश करणारे पाप, असे आम्ही सेमिनरीत शिकलो होतो. तोवर ते पाप वीटभट्टीच्या मालकाचे असते, अशी आमची समजूत होती.

वीटभट्टीचा उल्लेख उगाच केला नाही. याच डोंगरांच्या पायथ्याचे कातकरी बांधव पावसाळ्यात मालकाकडून उचल घेतात आणि दिवाळीनंतर ती फेडण्यासाठी कुटुंबासह भट्टीवर जातात. वेठबिगारी १९७६च्या कायद्याने रद्द झाली. तरी हिशेब मालकाच्या वहीत असल्याने उचल अनेकदा फिटतच नाही. म्हणजे एकाला आगाऊ पैसा फास होतो, तर आमच्या तरुणाला आगाऊ पैसा मिळाला असता तर तो आधार झाला असता. दोघांची अडचण एकच: हिशेबाचा कागद दुसऱ्याच्या हाती, किंवा कोणाच्याच हाती नाही.

पुढे आम्ही जाणकारांकडे चौकशी केली. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीचा २००६चा कायदा अशा एकट्या व्यावसायिकालाही उपयोगी पडतो. त्यासाठी 'उद्यम' नोंदणी हवी. ती विनामूल्य होते. काम घेण्यापूर्वीच ती करावी, म्हणजे पुढे वाद उरत नाही. काम स्वीकारल्यापासून पैसे देण्याची मुदत करारानेही ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. मुदत ठरलीच नसेल तर १५ दिवसांचा हिशेब धरतात. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते आणि सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. दिवाणी दाव्याला सामान्यतः ३ वर्षांची मुदत असते. धनादेश न वटल्यास बँकेची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस धाडावी लागते. त्यानंतरही १५ दिवसांत पैसे न आल्यास न्यायालयाचा मार्ग खुला होतो.

परंतु कायद्याची पायरी चढावी लागू नये, यातच शहाणपण. म्हणून आमच्याकडे येणाऱ्या तरुणांना आम्ही सांगतो: काम कोणते, किती वेळा दुरुस्त्या करून देणार, दाम किती, केव्हा, हे चार ओळींत लिहा आणि समोरच्याची संमती लेखी घ्या. मोबाइलवरील संदेशही चालेल. तिसरा हिस्सा आधी घ्या. मोठे काम टप्प्याटप्प्याने द्या. बिलावर तारीख घाला, आणि आठवण करून देताना ओशाळू नका. नातलग, मित्र आणि धर्मगुरू यांच्याकडून तर आवर्जून लिहून घ्या. भिडेपोटी बुडणारे पैसे बहुधा यांच्याकडेच असतात.

त्या तरुणाचे पैसे आम्ही दुसऱ्या दिवशी चुकते केले. पुढच्या वर्षी त्याला पुन्हा काम दिले, तेव्हा त्याने कागद पुढे केला आणि क्षणभर आमच्या चेहऱ्याकडे पाहिले. आम्ही सही केली. खजिनदारांनी विचारले, "फादर, त्याचा आपल्यावर विश्वास नाही काय?" आम्ही म्हणालो, "आहे. म्हणूनच तो पुन्हा आला. आता त्या विश्वासाला तारीख मिळाली, एवढेच."