मिक्स्ड टाइप

चरबीची साधी गाठ, म्हणजे लायपोमा, आपल्या ओळखीत कोणाला तरी असतेच. दुखत नाही, दाबली की सरकते, लोक वर्षानुवर्षं घेऊन फिरतात. लायपोसार्कोमा हे मात्र वेगळंच प्रकरण. तो एक रोग नसून चार-पाच वेगवेगळे रोग आहेत, हे मला मामाचा रिपोर्ट वाचताना कळलं.

रिपोर्टात होतं 'मिक्स्ड टाइप लायपोसार्कोमा'. मांडीतल्या एकाच गाठीत कुठे जेलीसारखा मिक्सॉइड भाग, कुठे जवळजवळ साधी चरबी. मामी म्हणाली, "अरे, मिक्स म्हणजे दोन कॅन्सर एकदम का रे?" इंजिनिअरला सगळं कळतं अशी आमच्याकडे समजूत आहे. असो.

मग बसलो वाचत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या वर्गीकरणात हा प्रकार होता, २०१३ मध्ये चक्क काढून टाकला! कारण अशा 'मिश्र' गाठींची जनुकं तपासली, तर बहुतेक एकाच घराण्याच्या निघाल्या. मिक्सॉइडमध्ये १२ आणि १६ या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात आणि एफयूएस व डीडीआयटी३ ही जनुकं एकमेकांना चिकटतात. वेल-डिफरन्शिएटेड आणि डीडिफरन्शिएटेड या जोडगोळीत एमडीएम२ जनुकाच्या ढीगभर जादा प्रती होतात. ही जोडगोळी कधीकधी मिक्सॉइडचं सोंग आणते, विशेषतः पोटात मागच्या बाजूला. सूक्ष्मदर्शकाखाली डोळे फसतात, फिश नावाची तपासणी सहसा फसत नाही. आमच्या बग ट्रॅकरमधल्या 'इतर' कॅटेगरीसारखंच हे. लॉग उघडले की त्यातले बरेचसे नेहमीचेच बग निघतात.

आणि हा नुसता नावाचा वाद नाही हो. मिक्सॉइड रेडिएशनला चांगली दाद देतो. पण गोल पेशी ५ टक्क्यांच्या वर गेल्या तर तो जास्त आक्रमक धरतात, आणि फुफ्फुसांशिवाय मणक्यातही पोचू शकतो, म्हणून पाठीचा एमआरआय करायला सांगतात. दुसऱ्या जोडीचं गणित निराळं.

म्हणून लॅबकडे मेणातले ब्लॉक मागितले. "स्लाइड न्या ना, पुरे होतील," काउंटरवरचा म्हणाला. फिशसाठी ताजे काप ब्लॉकमधूनच काढतात, सोडतोय कशाला! दोन फेऱ्या, एक अर्ज, मग मिळाले. मामा म्हणतो, "गाठ माझी आणि पळापळ तुझी." सोमवारी पहाटेची गाडी पकडून आम्ही दोघं परळला.